मंदाक्रांतेवर नेम

३ जानेवारी १९८६
निश्चय झाला. रेल्वे क्लबच्या रायफल टीममध्ये एकच जागा उरली आहे. निवडचाचणी दोन फेब्रुवारीला. पालथे पडून, एका तासात चाळीस गोळ्या. माझे वय सदुसष्ट, पण कोच सुखदेवजी, रिटायर्ड हवालदार, म्हणाले, "बाऊजी, उमर की कोई पाबंदी नहीं." म्हणजे त्यांनी माझ्यातले काहीतरी हेरले आहे. त्याच जागेसाठी नात निशिगंधाही उभी आहे. पोरीला आजच समजावले, फार आशा ठेवू नकोस.

९ जानेवारी
दहा गोळ्या. टार्गेटवर दोन. दोष स्वेटरचा. राजा पार्क बाजारातल्या टेलरकडे जाड कॅनव्हासचा शूटिंग कोट टाकला. इंदुमती म्हणाली, "अहो, त्यात आडवे पडाल हो, पण उठाल कसे?" बायकोला खेळातले कळत नाही.

१६ जानेवारी, सकाळी ७
शोध लागला! सगळी मेख श्वासात आहे. शाळेत हिंदुराव मास्तर मंदाक्रांता वृत्तातली कविता म्हणवून घेत: चार अक्षरांवर थांबा, मग सहांवर, मग सातांवर. थांब्यावर श्वास आपोआप अडतो. बंदूक स्थिर. तिथेच ट्रिगर दाबायचा. मास्तरांच्या खिडकीबाहेर बोरीचे झाड होते. बोरे आंबट, पण काय दिवस!
(सराव राहिला.)

२४ जानेवारी
कोट आला. उठवायला दोन माणसे लागली. निशीची गोळी श्वासागणिक वरखाली जाते, म्हणून तिला वृत्त शिकवू पाहिले. म्हणाली, "आजोबा, मतलब... इतकी अवघड मराठी?" गेली सायकल घेऊन. बिचारी, हिंदी मुलखात वाढलेली.

२ फेब्रुवारी, दुपारी
चाचणी झाली. इतका तल्लीन मी आयुष्यात झालो नव्हतो. कानात कापूस, वारा पडलेला, मनातल्या मनात मंदाक्रांता. सुखदेवजी मागून दोनदा "बाऊजी! बाऊजी!" म्हणाले. दाद असावी. शिट्टी झाली तेव्हा मास्तर फळा पुसत होते.
डब्यात एकतीस गोळ्या शिल्लक. झाडलेल्या नवांपैकी तीन टार्गेटवर. प्रगतीच म्हणायची.

संध्याकाळी
निशी निवडली गेली. माझ्या शेजारच्याच लेनमध्ये होती. म्हणते, "आजोबा, तुम्ही तासभर केवढ्यानं म्हणत होता! तुम्ही थांबलात, की मी ट्रिगर दाबायची."
थांबलो मीही बरोबरच. दाबायचे तेवढे राहिले.
इंदुमतीने वाढताना गूळ जास्त वाढला.

४ फेब्रुवारी
राज्य स्पर्धेत शेजारी मी नसणार, म्हणून निशी आज आपणहून शिकायला बसली. मी चष्मा पुसला, घसा साफ केला, पहिली ओळ सुरू केली.
"कविता नको, आजोबा. फक्त थांबे सांगा."
चार, सहा, सात. तिने मनगटावर पेनने लिहून घेतले आणि उठली. कविता उन्हाळ्याच्या सुट्टीत, नक्की.
उद्या कोट घेऊन राजा पार्क. खांद्यात दोन इंच कमी करायचा. पोटात आठ.