नवव्या प्रकरणात दुरुस्ती नाही

नाना पेठ, पुणे
१२ नोव्हेंबर २०१४

प्रिय विजू,

हे पत्र जेवण झाल्यावर वाच. वाघोलीच्या बसमध्ये उभ्याने तर मुळीच वाचू नकोस. फोन केला असता, पण फोनवर मला दम लागतो, तू लगेच "पपा, गोळी घेतली का?" विचारतेस आणि मूळ गोष्ट राहून जाते. अक्षर वेडंवाकडं आहे. छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांचे शब्द खिळ्यांनी जुळवले, स्वतःचे लिहायची सवय नाही. पण तुझ्या प्रकाशक मंदाकिनीबाई सोमवारी तुझी कादंबरी छापायला देणार, म्हणून घाई.

नाताळच्या विक्रीत तुझी पुस्तकं मांडली की चर्चमधल्या बाया मला विचारतात, "एवढी प्रार्थनेतली मुलगी तुमची, हे गळे दाबणं कुठून सुचतं हो तिला?" मी नुसता हसतो. प्रेम आणि बायबलमधली वचनं तुझी, मारहाण तपासायचं काम माझं, ही आपली वाटणी त्यांना कुठे ठाऊक? पहिल्याच पुस्तकात मार्केट यार्डातल्या गाळ्यात नायिकेच्या खांद्यात हमालाचा लोखंडी आकडा घुसला आणि पुढच्या ओळीत ती स्तोत्र म्हणू लागली. मी म्हटलं, अगं, आकडा मांसात अडकतो, उपसून काढावा लागतो, तेव्हा माणूस स्तोत्र म्हणत नाही, ओकतो. ते मी यार्डातल्या एका भांडणात पाहिलं होतं. बाकीचं पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या पुस्तकात तुझा खलनायक ओढणीने गळा आवळताना भाषण करत होता. गळा आवळणारा बोलत नाही, त्याचे दात आवळलेले असतात. तू हे वहीत टिपून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "पपा, गेल्या जन्मी तुम्ही दरोडेखोर होतात." तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आपल्यात गेला जन्म नसतो, विजू."

सातव्या पुस्तकात तू लिहिलंस, हात मोडला तेव्हा सुकी फांदी तुटल्यासारखा आवाज झाला. मी ते खोडलं, पण खरा आवाज कसा असतो ते सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस.

आता या नव्या कादंबरीचं नववं प्रकरण. रविवारची दुपार. रूथ आतून कडी लावून बसली आहे. तिचा नवरा सिमोन दाराच्या फटीतून पितळेची पातळ पट्टी घालून कडी उचलतो. केसांना धरून तिला मोरीपर्यंत फरफटत नेतो, मोरीच्या कठड्यावर तिचं तोंड आपटतो, दात घंगाळात पडतो आणि पाणी हळूहळू लाल होतं. मग तो तिचा डावा हात पाठीमागे पिळतो, ती ओरडायची थांबेपर्यंत पिळतो. तू लिहिलंयस, "गाजर मोडल्यासारखा आवाज झाला, छोटा आणि ओला." नंतर तो साबण लावून हात स्वच्छ धुतो आणि चहा मागतो.

मी लाल पेन्सिल घेऊन बसलो होतो, विजू. दुरुस्त करायला काहीच सापडलं नाही.

यातलं मी तुला कधी सांगितलेलं नाही. तशा पट्ट्या छापखान्यात आम्ही दोन ओळींच्या मध्ये घालायचो, एखादी खिशात राहायचीच. साल चौऱ्याहत्तर. तू चार वर्षांची होतीस, कॉटखाली झोपली आहेस असं मी धरून चाललो. तुझ्या आईचा डावा हात पुढे कधी सरळ झाला नाही. चर्चच्या पायऱ्यांवरून घसरले, असं ती मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली, तुलाही.

कारण सांगतो, मोठं काही शोधत बसू नकोस. मी जुळवलेल्या गीतांच्या पुस्तकात एक ओळ दोनदा पडली होती. उपासनेनंतर पाळकसाहेबांसमोर तुझी आई, मॅट्रिक झालेली, म्हणाली, "सहावी पास माणसाच्या हाती देवाचं वचन दिलं की असंच व्हायचं." सगळे हसले, मीही हसलो. माझं ते हसणं तिला ओळखता येत असावं. ती तुला घेऊन माझ्या आधी घरी आली आणि कडी लावून बसली.

मंदाकिनीबाईंचं म्हणणं, शेवटी सिमोनने गुडघे टेकावेत आणि रूथने त्याला क्षमा करावी, आपल्या वाचकांना तेच लागतं. तू समासात मला विचारलंयस, "पपा, पटतं का?" इतकी वर्षं तू मला हातांबद्दल विचारत आलीस, मनाबद्दल पहिल्यांदाच. नाही पटत. सिमोन गुडघे टेकत नाही. तो घाबरतो, आणि दवाखान्यात काय खोटं सांगायचं ते टांग्यात बायकोला पढवतो. त्यानंतर आणखी दोनदा मी तिच्यावर हात टाकला. ते तुझ्या पुस्तकात नाही, म्हणजे तुला ठाऊक नसेल. आता ठाऊक असू दे.

प्रभुभोजनाच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसतो आणि द्राक्षरसाचा प्याला न पिता पुढे जाऊ देतो. तुला वाटतं साखरेमुळे. ज्याचं वाईट केलंय त्याच्याशी आधी समेट कर, मग इथे ये, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. सदतीस वर्षं ती माझ्या शेजारी बसली. वीतभर अंतर होतं, मला तेवढं वळता आलं नाही. आता तीन वर्षं ती जागा रिकामी आहे.

सिमोनचं काय करायचं ते तू ठरव, मी त्याच्यासाठी काही मागत नाही. हे पत्र अर्पणाच्या पानासाठी लिहिलं. तू तिथे लिहिलंयस, "आई आणि पपांना." सगळं पाहिलेलं असताना ते लिहिताना तुझा हात थांबला का, याचाच चार दिवस विचार करतोय. ते पान आम्ही सगळ्यांत शेवटी जुळवायचो, कारण लोक ऐनवेळी नावं बदलतात. तू बदल. फक्त तिचं नाव ठेव, पूर्ण, शकुंतला. माझं काढल्यावर पान मोकळं दिसेल. दिसू दे, तिथे वचन घालून भरू नकोस. रविवारी तू आली नाहीस तर मी समजेन. सकाळची गोळी घेतली आहे.

तुझाच, पुस्तकाबाहेर तुला चालेल तितका,
पपा