तुमच्या कृपेने उत्तम

४ नोव्हेंबर, मंगळवार. क्योतो.
ऐन शलगमाच्या लोणच्याच्या हंगामात दाखल झालो. दुकानात पिंपं भरायची वेळ आणि मालक इथे सलाइन लावून पडलेला. मोठ्या आतड्याला सूज, जखमा, रक्त. हे दुखणं मी आठ वर्षं शांतपणे सांभाळतो आहे. फुसाए म्हणते, लपवतो. बायकोला बारकावे कळत नाहीत.

आशेची गोष्ट म्हणजे वॉर्डात एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू आहे. आधी काही दिवस रोज चौकशी, मग जुन्या औषधांनी ज्यांना गुण नाही त्यांना नवं सुरू. ते मिळालं नाही, तर आतडं कापून पोटाला पिशवी. पिशवी सांभाळत गिऱ्हाइकासमोर कमरेत वाकायचं कसं? पण इंजेक्शन मला मिळणारच. निश्चय: आदर्श पेशंट व्हायचं.

५ नोव्हेंबर, सकाळ.
अभ्यास डॉ. ओनोदेरांकडे. तरुण बाई, पार उत्तरेकडच्या, होक्काइदोच्या. विचारलं, काल किती वेळा जाऊन आलात? अकरा वेळा. पण मुलीच्या वयाच्या बाईसमोर हा आकडा उच्चारायचा? म्हटलं, तुमच्या कृपेने उत्तम, दोन-तीनदा. इतक्या पटकन 'उत्तम' म्हणणारा माणूस मेटाकुटीला आलेला असतो, हे क्योतोत शेंबडं पोरही ओळखेल. बाईंनी मान डोलावली. समजल्या असणार.

६ नोव्हेंबर.
शेजारच्या खाटेवर दोबाशी, ओसाकाचा ट्रक ड्रायव्हर. रोग तोच, पण तोंडाला झाकण नाही. डॉक्टर दारात दिसताच ओरडला, डॉक्टरीणबाई, आठ वेळा! रक्ताचं तर विचारूच नका! मेलो हो मी! वॉर्डभर ऐकू गेलं. वर मला म्हणतो, काय शेठ, तुमच्या फेऱ्या तर माझ्याहून जास्त, माझा ट्रक तुम्हीच चालवा.

त्याला गोडीत समज दिली. म्हटलं, किती खणखणीत आवाज आहे तुमचा, ऐकतच राहावंसं वाटतं. आमच्या गल्लीत एवढ्यावर माणूस वर्षभर तोंड उघडणार नाही. याने जेवणानंतर दोन गाणी म्हटली.

८ नोव्हेंबर, शनिवार.
फुसाए आली. विचारलं, डॉक्टरांना खरं सांगितलंत ना? म्हटलं, सांगतोच आहे, आपल्या पद्धतीने. म्हणाली, अहो, त्या होक्काइदोच्या आहेत. तिकडेही माणसंच राहतात, असं मी म्हटलं. निघताना म्हणाली, तुमच्यासारखा धीराचा माणूस पाहिला नाही हो. क्वचित कौतुक करते. बरं वाटलं.

नवीन पिंपातल्या दोन चकत्या तिने दाखवायला आणल्या होत्या. मला फक्त पेज. निश्चय मोडलेला नाही. चव तपासणं हे मालकाचं कर्तव्य आहे. दोन्ही तपासल्या.

९ नोव्हेंबर.
कर्तव्याचे परिणाम दिवसभर. आतले आवाज बाहेर जाऊ नयेत म्हणून संडासात पाण्याच्या आवाजाचं बटण असतं. ते दाबून दाबून अंगठा दुखतो आहे. ज्याने हे बटण शोधलं त्याचं भलं होवो. डॉक्टरांना कळवलं, उत्तम. थकलो आहे. इंजेक्शन कुणाला, ते उद्या ठरणार.

१० नोव्हेंबर, सोमवार.
प्रोफेसरांची फेरी. मागे पांढऱ्या कोटांची रांग. डॉ. ओनोदेरा म्हणाल्या, रक्ताचे रिपोर्ट तितके बरे नाहीत, पण यांना स्वतःला खूप आराम वाटतो. मग प्रोफेसरांनीच विचारलं, खरंच काही त्रास नाही?

आज स्पष्ट सांगायचं असं ठरवलं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात शेजारून दोबाशी ओरडला, खोटं बोलतोय तो! दिवसभर संडासातच असतो! शेठ, सांगून टाका की, आतडं जाईल हो!

लाजेने कान तापले. हसून म्हटलं, दोबाशींचा स्वभाव मोठा विनोदी. तुमच्या कृपेने मी उत्तम. सगळे हसले. रांग पुढे सरकली.

इंजेक्शन दोबाशीला. मला जुन्याच औषधाने गुण आला, म्हणून घरी जायची परवानगी.

१२ नोव्हेंबर.
सुटलो. डॉ. ओनोदेरांना लोणच्याचा डबा दिला. दोबाशी खाटेवरून उठला, माझा हात धरून रडला, म्हणाला, शेठ, तुम्ही मूर्ख आहात. फटकळ माणूस. त्याची आठवण येईल असं वाटत नाही.

१४ नोव्हेंबर.
दुकानात फार शांत वाटतं. कुणी ओरडत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
पुन्हा तोच वॉर्ड. पिंपाशी कोसळलो, फुसाएने अँब्युलन्स बोलावली. अभ्यासातल्या जागा भरल्या, आणि आता तेवढा वेळही उरलेला नाही म्हणे. सोमवारी ऑपरेशन. पिशवी.

डॉ. ओनोदेरा आल्या. डोळे लाल. म्हणाल्या, मी रोज विचारत होते हो. म्हटलं, मी रोज सांगत होतो. बाई वाईट नाहीत.

दोबाशीचं रक्त थांबलं आहे. सोमवारी घरी जाणार होता. माझं ऑपरेशन होईपर्यंत हलणार नाही म्हणतो. त्याला म्हटलं, तुम्हाला उगाच तसदी. म्हणाला, मुळीच नाही. त्याला ते खरंच वाटत असावं.

२३ नोव्हेंबर, रविवार.
सर्जन येऊन गेले. भीती वाटते का, विचारलं. म्हटलं, तुमच्या कृपेने मुळीच नाही.

फुसाए खुर्चीतून उठली. म्हणाली, त्यांना भीती वाटते आहे. मलाही वाटते आहे. आठ वर्षं वाटते आहे.

परक्या माणसासमोर, इतकं उघड! आमच्या घराण्यात असं कुणी बोललेलं नाही. सर्जन खुर्ची ओढून बसले आणि पिशवीबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं. कमरेत वाकता येतं. मी विचारलंच नव्हतं, तिने विचारलं.

भीती वाटते. इथे लिहून ठेवतो. निश्चय: आजपासून जे आहे ते सांगायचं.

आत्ताच नर्स डोकावली. फार दुखतंय का, म्हणाली. म्हटलं, विशेष काही नाही. ती वळली. फुसाएने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला हाक मारून परत बोलावलं.