तात्या, ते 'न्हाई' कोणतं होतं?

प्रिय तात्या,

जयभीम.

नांदेडहून पुन्हा फोन आला होता. आपला प्रयोग त्यांना पुढच्या आठवड्यात हवाय. "पत्रिकेत तात्यांच्या जागी कुणाचं नाव टाकायचं?" असं विचारत होते. मी "कळवते" म्हणाले आणि फोन ठेवला. किती दिवस हेच करून राहिले होते. तालमीला उभी राहायचे, पहिला पाय टाकायचे आणि पुढं अंग हलायचंच नाही. चार दिवसांपूर्वी तुमचा लेक मिलिंद वैतागून म्हणाला, "माझं तर तू ऐकत न्हाईस. मग आता तात्यांनाच विचार की!"

म्हणून विचारते. तुम्ही गेलात त्यावर एक पावसाळा उलटला, तरी विचारते.

लग्न होऊन मी नांदेडहून अहमदपूरला आले तेव्हा माझ्या बॅगेत घुंगरू निघाले, आठवतंय? ते बघून तुमचा चेहराच उतरला. शाळेत मराठी शिकवणारा, तरुणपणी आंबेडकरी जलशात गाऊन गावंच्या गावं हलवणारा माणूस! मला वाटलं होतं, या घरात माझ्या कथ्थकचं कौतुक होईल. तुम्ही मला समोर बसवलंत. रागावला नाहीत, हेच जास्त लागलं.

"सूनबाई, माझ्या आत्याला पाटलाच्या दारात नाचावं लागायचं. वरातीत, जत्रेत, ते म्हणतील तवा. न्हाई म्हणायची सोय नव्हती. आपण शिकलो ते त्यातून सुटायला. आता पुन्हा लोकांपुढं नाच?"

"तात्या, तिला ते नाचवत होते. मी माझ्या मनानं नाचते."

"बघणाऱ्याला त्यातलं काय कळतंय? न्हाई. या घरात न्हाई."

तुमचं बरोबर होतं की माझं? मला आजही ठरवता येत नाही. पण तुमच्या आत्याच्या पायातली बेडी माझ्या पायात कशाला घातलीत? किती वर्षं मी भाकरी थापताना टाचेनं हळूच ठेका धरायचे आणि बाहेर तुमची खुर्ची सरकली की थांबायचे.

मग ती सकाळ. पेपर वाचता वाचता तुम्ही उठलात, भिंतीला हात टेकलात आणि तो हात भिंतीवरून घसरतच गेला. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि सगळे शब्द गेले होते. एकच उरला होता. न्हाई.

पाणी हवं, न्हाई. दुखतंय, न्हाई. नातू शाळेतून आला की हसून न्हाई. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय, फक्त बाहेर पडत नाही." भेटायला येणारे तुम्ही तिथं नसल्यासारखे बोलायचे. "गुरुजींचं आता काय खरं न्हाई," असं तुमच्यासमोर! एकदा तुम्ही पेला भिरकावलात, तर म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय." आतल्या आत किती धडका मारल्या असतील तुम्ही! आणि मी? शाळेतली नोकरी सोडून तुमच्या पलंगाशी. एकाच खोलीत आपण दोघं कोंडलेले होतो, तात्या.

दुपारी तुमचे हातपाय हलवून घेताना मी कथ्थकचे बोल म्हणायचे, ता थेई थेई तत्. तेवढाच माझा विरंगुळा. एक दिवस तुम्ही डावा हात सोडवून घेतलात आणि माझ्या पायांकडं बोट केलंत.

"काय पाहिजे, तात्या? चप्पल?"

"न्हाई!"

"खाली काही पडलंय का?"

"न्हाई! न्हाई!" आणि पलंगाच्या कडेवर तुम्ही बोटांनी ताल वाजवलात. दारात आत्याबाई उभ्या होत्या. आम्ही सासू-सुना एकमेकींकडं बघतच राहिलो. "नाच म्हणून राहिलेत तुला," त्या म्हणाल्या.

मी पदर खोचला आणि त्या घरात पहिल्यांदा नाचले. तुम्ही रडलात. मीही.

तिथूनच आपलं नाटक सुरू झालं, नाही का? तुम्ही पलंगावर बसून एक न्हाई म्हणायचात. कधी चिडून, कधी विनवून, कधी घाबरून. मी ते हातापायांनी सांगायचे. चुकलं की मान हलवायचात, जमलं की डोळे मिटायचात. भिंतीवरून घसरणारा हात तर तुम्ही किती वेळा करायला लावलात! त्या हाताची भीती मला वाटायची, तुम्हाला नाही. शेवटी मी तुमचा लुळा हात हातात घ्यायचे आणि तुमच्याशेजारी बसल्या बसल्या नाचायचे. तेव्हा तुमचं न्हाई जवळजवळ गाण्यासारखं यायचं. ते ऐकून वाटायचं, अजून एखादा शब्द परत येईल.

ते घराबाहेर न्यायचं मी ठरवलं आणि लातूरला प्रयोग लागला. लोक दाटीवाटीनं बसले होते. आणि अर्ध्यावर तुम्ही अडकलात. ठरलेलं न्हाई आलंच नाही. तोंड उघडं, कपाळावर घाम, डोळे माझ्यावर खिळलेले. ते नाटक नव्हतं. मला माहीत होतं, लोकांना नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या! "काय काम करतोय म्हातारा!" कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. काय करायला हवं होतं मी? मी तुमचा हात धरला आणि प्रयोग पुढं नेला. थोड्या वेळानं शब्द आला, शेवट झाला, लोक उभे राहिले.

परतताना गाडीत मी विचारलं, "तात्या, हे बंद करायचं का?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "न्हाई."

कोणतं न्हाई, तात्या? बंद करू नको म्हणणारं, की आता बास झालं म्हणणारं? तुमची सगळी न्हाई मला ओळखू यायची, नेमकं तेच आलं नाही. उद्या निवांत विचारू, असं म्हणत राहिले आणि एक दिवस तुम्ही झोपेतच गेलात. एक शब्द तरी मागं ठेवून जायचं होतं! तेव्हापासून हेच मनात घोळतंय. पाटलानं तुमच्या आत्याला उभं केलं, तसंच मी तुम्हाला लोकांपुढं उभं केलं का?

परवा न राहवून आत्याबाईंना विचारलं. तुमचं न्हाई त्यांनी जन्मभर झेललेलं, वाटलं, त्यांना कळलं असेल.

त्या शेंगा फोडत होत्या. "मला काय ठाव? मी गाडीत झोपले होते."

मला रडूच फुटलं. त्या वर न बघता म्हणाल्या, "पलंगावर मी बसते."

"तुम्ही?"

"का? भ्या काय त्यांनाच वाटलं का? ते पडले तवा मी चुलीपाशी होते. पळत आले तर माझ्या तोंडून शब्द फुटंना. ते मला कुणी विचारलं का?"

खरंच, तात्या, कुणीच विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही, मीही नाही.

काल दुपारी त्या पलंगावर बसल्या. मी भिंतीला हात टेकला आणि घसरवत खाली आणला. तशा त्या ओरडल्या, "अहो, उठा! उठा की वो!" इतक्या जोरात, की शेजारीण धावत आली. त्या ओरडत राहिल्या आणि माझे पाय चालू लागले. किती महिन्यांनी! संपल्यावर दोघी घामानं निथळत होतो.

"आत्याबाई, बंद करायचं का?"

"आत्ता नको. नको वाटलं की सांगते ना. मला तोंड हाय."

पत्रिकेत आत्याबाईंचं नाव, 'गयाबाई', टाकायला मी आज कळवलं. तुमच्या न्हाईचा अर्थ मला आता कधीच कळणार नाही. ते घेऊनच जगायचं. पण तुम्हाला एक शब्द देते. प्रत्येक प्रयोगाआधी मी त्यांना विचारीन, बसायचं ना? आणि रंगमंचावर त्यांच्या डोळ्यांत खरी भीती दिसली, तर मी जागच्या जागी थांबेन. लोकांना सांगेन, हे नाटक नव्हे. त्यांचा हात धरून त्यांना खाली आणेन. टाळ्या चालू असल्या तरी.

तुमची सून,
मनीषा