ऑस्करच्या पार्टीतली फूट

प्रिय ऑस्कर,

२००९ च्या मंदीत माझ्या नवऱ्याची, जोकिमची दुबई मरीनातली नोकरी गेली, तेव्हा मी तुला अमेरिकेत फोन केला होता. तुझ्या भाचीला, केलीला वर्षभर तुझ्याकडे ठेव, एवढंच मागितलं. तू म्हणालास, "ताई, आम्ही कंझर्व्हेटिव्ह लोक. ज्याने त्याने आपलं बघावं." आम्ही दुबई सोडून स्वस्तातल्या उम्म अल कुवैनला लहान घरात गेलो आणि आपलं बघितलं.

इतक्या वर्षांनी काल तूच फोन केलास. तुमच्या पार्टीत दोन तट पडलेत. जुने म्हणतात, कायद्याने आलेला मेहनती माणूस आपलाच. नवे म्हणतात, बाहेरचा तो बाहेरचाच. तू नव्यांसाठी मतं मागत दारोदार फिरलास आणि त्यांनीच भरसभेत तुला सांगितलं, "तूही परत जा."

"चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसतो गं मी," म्हणत तू रडलास. मी "हो रे, हो रे" म्हणत राहिले. तुला वाटलं, बहीण धीर देतेय.

फोन स्पीकरवर होता. जोकिमला मी मुद्दाम समोर बसवलं होतं. केली म्हणाली, "मम्मी, स्टॉप इट." मी फोनचा आवाज वाढवला.

हे पत्र पाठवणार नाही. तुझा फोन पुन्हा यायला हवा.

तुझीच बहीण,
बेटी