पेटीतली हजेरी

३ जून
आलो एकदाचे! शाळा दोनच खोल्यांची, पण खिडक्या ऐसपैस. सोबत माझी सात वर्षांची लेक, चिमणी. बसमध्ये तिची टकळी अशी सुरू होती की कंडक्टरने हात जोडले. नेटचा इथे पत्ताच नाही. त्याऐवजी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आहे: वर सोलर पॅनेल, आत हजारो पुस्तकं, धडे, गाणी. खिडकीत उन्हाला ठेवली की मुलांचे दहाही टॅब तिला जोडले जातात. मी तर तिच्या प्रेमातच पडले.

५ जून
वर्गाआधी मुलं रोज पेटीत रेकॉर्ड केलेली हजेरी लावतात. आधीच्या बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या आवाजात नावं येतात, मुलं "हजर" म्हणतात. शिपाईमामांनी मला बजावलं, एवढी पुसू नका, बाईंचं तेवढ्यावर भागतं. मी हसण्यावारी नेलं.

९ जून
पेटी भरली. चिमणीच्या गाण्यांना जागा हवी होती, म्हणून हजेरी पुसली. मामा म्हणाले, आता त्या मनाने नावं घेतील.

१० जून
सकाळी हजेरी वाजली! पेटीत शोधली, तर कुठेच नाही. शेवटचं नाव चिमणीचं. बाई गेल्या तेव्हा आम्ही इथे नव्हतोच. चिमणी ऐटीत "हजर" म्हणाली. मग दिवसभर गप्प. रुसली असेल.

११ जून
रुसलेली नाही. तोंड उघडते, आवाज फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. पेटीत एक नवा धडा दिसला. लावला. आतून चिमणीच्या आवाजात पाढे.

१३ जून
पेटी कपाटात कोंडलीय. ऊन नसलं की ती दिवसभरात बंद पडते. दोन दिवस झाले — पेटीवरचा दिवा अजून हिरवाच. फोडून टाकू म्हटलं. मामा म्हणाले, पोरीचा आवाज आत आहे, फोडाल कशी?

१४ जून
चिमणी कपाटाला कान लावून बसते. हसते. हसू आतून ऐकू येतं. मला भीती वाटते, माझ्याच लेकीची —

१५ जून, दुपार
चिमणी नाही. दप्तर आहे, चपला आहेत —
पेटी खिडकीत आणली. बाई नावं घेताहेत. चिमणी आतून म्हणाली, हजर.
मग माझं नाव.
ओठ मिटलेत. नुसती लिहितेय.
पुन्हा माझं नाव. आत चिमणी रडतेय — आई, बोल ना, मी एकटी —
ह