खाली अक्षरं येणारा टीव्ही

आई,

परवा आम्ही नवा टीव्ही घेतला. काल तो भिंतीवर लागला, इंटरनेटलाही जोडून झाला, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. सकाळपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा अर्धा टाकून दिला. बाल्कनीतले कपडे ओले असतानाच आत आणले, मग लक्षात आल्यावर परत नेऊन वाळत घातले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की कर्वेनगरचं हे आमचं घर तू पाहिलेलंही नाहीस. तरी कालचं सांगायला मला तूच सुचलीस. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी बरंच काही समजावावं लागेल. तुला नाही लागणार.

जुन्या टीव्हीवर उजवीकडे एक काळा पट्टा आला होता. माणसं बोलता बोलता त्या पट्ट्यात शिरायची आणि दिसेनाशी व्हायची. तुझे जावई महिनाभर मोबाइलवर टीव्हीच बघत होते. किती इंचाचा घ्यायचा, भिंतीपासून सोफा किती लांब, खिडकीचा उजेड पडद्यावर पडला तर काय. मी दर वेळी एकच विचारायचे, "त्यात खाली अक्षरं येतात का?" ते म्हणायचे, "कसली अक्षरं?" "बोलतात ती." "ती कशाला हवीत? आपल्याला मराठी येतं की." यावर मी विषय बदलायचे. कारण खरं उत्तर मी घरात दिलंच नव्हतं. मला ऐकू येईनासं झालंय, आई. तुझ्यासारखंच. आधी खिडकीतल्या चिमण्या गेल्या, तर मला वाटलं पुण्यातल्याच चिमण्या गेल्या. मग दाराची बेल स्वयंपाकघरापर्यंत पोचायची थांबली. मग माणसांच्या शब्दांची टोकं झिजायला लागली. आवाज येतो, पण काय म्हटलं ते येत नाही. गेल्या महिन्यात भाजी आणायला म्हणून निघाले आणि कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी बंद खोलीत बसवून कानांना हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. बराच वेळ मी बटणावर बोट ठेवून नुसतीच बसून होते. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला होतं का?" मी म्हटलं, "आईला." "मग पुढचं तुम्हाला माहीतच असेल," त्या म्हणाल्या, आणि मशीन लावायचा सल्ला दिला. मी "बघते" म्हटलं, मेथीची एक जुडी घेतली आणि घरी आले.

पुढचं मला माहीत आहे, हीच तर अडचण आहे. तू चौथीच्या वर्गाला शिकवायचीस. मागच्या बाकांवरची मुलं काय विचारतात ते तुला कळेनासं झालं, तेव्हा शाळेने तुला वाचनालयात नेऊन बसवलं. "तिथे कुणी बोलायचंच नसतं, तुम्हाला बरं," असं हेडमास्तर म्हणाले होते. घरी आल्यावर तू ते बाबांना हसत हसत सांगितलंस, मग स्वयंपाकघरात गेलीस आणि कणीक मळायला घेतलीस. मळत होतीस, मळत होतीस. त्या दिवशीच्या पोळ्या कधी झाल्या नव्हत्या इतक्या मऊ झाल्या.

आणि ती रविवारची संध्याकाळ. आत्या आणि काका आलेले आहेत, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू आहे, सगळे एकदम हसतात. तू विचारतेस, "काय झालं?" आत्या हात हलवून म्हणते, "काही नाही गं." परत सगळे हसतात. तू परत विचारतेस. बाबा म्हणतात, "नंतर सांगतो." तू शांतपणे उठतेस, टीव्हीचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत उलटं फिरवतेस आणि खुर्चीत येऊन बसतेस. "बघा आता," म्हणतेस. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवतायत. आत्या कुरकुरते, "अगं, काही कळत नाहीये." तू तिच्या ओठांकडे बघतेस आणि म्हणतेस, "काही नाहीच आहे ना त्यात? मग कळायचं काय राहिलंय?" कुणी हलत नाही. बाबासुद्धा उठून आवाज वाढवत नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत आपण सगळे तसेच बसून राहतो, आणि तू एकटीच मजेत बघत असतेस.

पुढच्या रविवारपासून मी टीव्हीकडे पाठ करून तुझ्यासमोर पाटावर बसायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. कानांनी ऐकायचं आणि तोंड मोठं हलवून तुला सांगायचं. तू सहजासहजी ऐकून घेणाऱ्यातली नव्हतीस. "ती बाई एवढा वेळ रडून बोलली आणि तू दोन शब्दांत आटपलंस? परीक्षेत सारांश लिहितेस का?" मग मी बाईचं रडणं सविस्तर सांगायचे. त्यामुळे त्या काळातल्या कित्येक मालिका मी फक्त ऐकल्या आहेत. नायिका कशी दिसायची ते मला आजही सांगता येणार नाही. ती रडली की तुझ्या कपाळावर कुठे आठी पडायची, ते मात्र सांगता येईल.

परवा टीव्ही बघायला आम्ही बुधवार पेठेत गेलो. दहावी झाल्यावर तू मला ट्रान्झिस्टर घेऊन दिलास तोही तिथलाच. दुकानदाराने तो लावून दाखवला, तेव्हा तू त्याच्या जाळीवर तळहात ठेवलास, थोडा वेळ तसाच धरलास आणि म्हणालीस, "चालतोय. घे." दुकानदार तुझ्या हाताकडे बघत राहिला होता. ते दुकान आता नाही. परवाच्या दुकानात एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत टीव्ही होते, सगळे चालू, सगळ्यांतून गाणी. विक्रेता बोलायचा टीव्हीकडे तोंड करून. मला त्याची पाठ आणि गाण्यांचा गोंगाट एवढंच मिळत होतं. मी आपली मान डोलावत होते. एकदा तो वळून माझ्याकडे बघत थांबला, म्हणजे काहीतरी विचारलं असणार. मी हसून "हो" म्हटलं. तुझे जावई माझ्याकडे बघायला लागले. "हो काय? घरी वायफाय आहे की मोबाइलवरूनच चालवणार, असं विचारतायत ते." माझे कान गरम झाले. त्या कामाला मात्र ते अजून पक्के आहेत. मी घाईघाईने अक्षरांचं विचारलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, सबटायटल्स टीव्ही देत नाही, ॲप देतं. नेट जोडा, मग बघा." मी म्हटलं, "मग जोडून दाखवा." त्याने नाइलाजाने एक टीव्ही जोडून मराठी नाटक लावलं. बाई मराठीत भांडत होती आणि खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. मराठी अक्षरं आहेत का विचारलं, तर म्हणाला, "मराठी कार्यक्रमाला मराठी कोण वाचणार, मॅडम?" तू असतीस तर त्याची धडगत नव्हती. मी म्हटलं, "हाच द्या."

काल दुपारी एक माणूस येऊन टीव्ही भिंतीवर लावून गेला. इंटरनेट जोडणं आमच्याकडे राहिलं. वायफायचा पासवर्ड आम्ही कधी बदललेला नाही, तो राउटरच्या डब्याच्या मागेच छापलेला आहे, आणि डबा बोळातल्या कपाटात. तुझे जावई टॉर्च घेऊन कपाटात डोकं घालून उभे राहिले आणि एकेक अक्षर सांगायला लागले. मी रिमोटने पडद्यावरचं एकेक अक्षर निवडत होते. पासवर्ड चुकीचा आहे, असं आलं. परत सगळं पहिल्यापासून. परत चुकीचा. "नीट टाकतेस ना?" ते ओरडले. "नीटच टाकतेय." "मग काय टाकलंस ते वाच." मी वाचलं. "डी कुठून आला त्यात? बी म्हणतोय मी, बी! बी फॉर बटाटा!" मी बी टाकला. मग ते पुढचं अक्षर म्हणाले, आणि ते पी होतं की टी, की ई, मला कळेना. तिन्ही मला सारखीच ऐकू येत होती. मी हातात रिमोट घेऊन नुसती उभी राहिले. "टाकलंस का?" आतून आवाज आला.

ते कपाटातून बाहेर आले, केसांना जळमटं लागलेली. माझ्याकडे बघत राहिले. मग टॉर्च बंद केला आणि विचारलं, "तुला ऐकू येत नाहीये का?" हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. मी म्हटलं, "नाही." "कधीपासून?" "दोन-तीन वर्षं." ते सोफ्यावर बसले. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "मला वाटत होतं, तुला माझं बोलणं ऐकायचंच नसतं. मी काही सांगायचो आणि तू सरळ निघून जायचीस. म्हणून मी बोलणंच कमी केलं." मी म्हटलं, "आणि मला वाटत होतं तुम्ही हल्ली माझ्यावर सारखे खेकसता." "अगं, एकदा सांगून तू ऐकायची नाहीस, म्हणून आवाज चढायचा." मग डॉक्टरांकडे जाऊन आल्याचंही मी सांगून टाकलं. त्यांनी टॉर्च बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तुझ्या आईंशी ओरडून बोलत होतो, तर त्या म्हणाल्या, 'ओरडू नका, समोर बसा.' मला सांगायचंस ना. बसलो असतो की समोर."

हे तू त्यांना म्हणाली होतीस, ते मला काल कळलं.

मग त्यांनी पासवर्ड कागदावर उतरवून आणला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. कागद माझ्या हातात होता, तरीही एकेक अक्षर तोंड दाखवून सांगत राहिले. टीव्ही जोडला गेला. आम्ही तेच भांडणाचं नाटक लावलं. अक्षरं बोलण्याच्या आधी येतात, आई. त्यामुळे विनोदाला मी आधी हसले आणि ते नंतर. बाई चांगली लांबलचक "अगं बाई, काय सांगू तुला" म्हणाली आणि खाली इंग्रजीत दोन शब्द आले, तर हेच चिडले. "हे काय भाषांतर! अर्धं खाल्लं की," म्हणून मला पूर्ण वाक्य परत सांगायला लागले. नाटक तीन ठिकाणी थांबवलं त्यांनी. शेवट काय झाला ते दोघांनाही नीट कळलं नाही.

उद्या मशीनसाठी जायचं आहे, ते बरोबर येणार आहेत. आत्ता ते केस कापायला गेलेत आणि मी हे लिहितेय. लिहिताना चार वेळा उठले. संध्याकाळी तुझ्या नातीचा फोन येईल. ती नोकरीसाठी बेंगळुरूला असते, भरभर बोलते. तिला आज सांगायचं असं ठरवलंय. ओट्याशी उभी राहून वाक्य म्हणून बघतेय, पण दर वेळी त्यात एक शब्द आपोआप शिरतो. "मला हल्ली थोडंसं कमी ऐकू येतं." काल ह्यांनासुद्धा मी शेवटी तसंच म्हटलं. हा कागद कुणाकडे जायचा नाही, म्हणून इथे लिहिते. थोडंसं नाहीये, आई.