दुरुस्त केलेला लुटारू

गदग,
८ जुलै १९७९

गुरुसिद्धमामा, महादेवीचे शरण.

तुमचा गुडघा आणि मामींचा दमा दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आधी एक चूक सुधारते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आपल्या स्टुडिओत सुरा दाखवून अप्पांचा कॅमेरा नेणाऱ्या माणसाला मी तुरुंगात पाहताक्षणी ओळखलं. ते खरं नाही. (पाहताक्षणी तर नाहीच, आणि ओळखलं की नाही, यासाठीच हे पत्र आहे.)

लूट झाली त्याच दुपारी फौजदार मला म्हणाले, "तू रोज चेहरेच करतेस ना? मग काढ चित्र." मी काढलं. तुम्हाला माहीत आहे, मी शाळेत उशिरा गेले. त्याआधी अप्पांनी मला निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला शिकवलं. देवीचे वण पुसायचे, गाल भरायचे, डोळे एका रेषेत आणायचे आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही. आता हात ते आपोआप करतो. म्हणजे लुटारूचाही चेहरा मी नीटनेटका केला असणार. त्याच्या हनुवटीवर व्रण होता असं मला हल्ली वाटतं. पण तो मी तेव्हा पुसला, की आता अपराधी वाटून नवा काढते आहे, हे सांगता येत नाही. अप्पांनी मात्र चित्राची नक्कल दर्शनी काचेत लावली. दोन लग्नाळू मुलं येऊन "आम्हाला त्या चोरासारखं करा" म्हणून गेली.

ते चित्र घेऊन पोलिसांनी गावातला सर्वांत देखणा माणूस धरला, देवळापुढे हार विकणारा ईरप्पा हूगार. ओळख परेडीला नऊ जण उभे होते. आठ जण देवाने केले तसे, आणि एक ईरप्पा. चेहरा इतका ओळखीचा वाटला, की मी सरळ जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. (गालावरचा मोठा तीळ तेवढा अनोळखी वाटला.) तो म्हणाला, "अक्का, नीट बघा की." मी म्हटलं, "बघितलंय." तहसीलदारांनी लिहून घेतलं. चार महिने झाले, तो आत आहे. हार आता त्याची बायको विकते, आणि मला बघून मान वळवते.

परवा पेटी आवरताना त्याच्या लग्नाच्या फोटोची निगेटिव्ह सापडली. लुटीच्या आदल्या दिवशी मी तिच्यावर चार तास बसले होते. चित्रातलं नाक तेच, डोळे तेच. तीळ नाही. तो निगेटिव्हवरून मीच पुसला होता.

सरकारी वकिलांकडे गेले. ते भाकरी मोडत म्हणाले, "पोरी, एवढा विचार कशाला? आरोपीच्या पिंजऱ्यात एकच माणूस असतो. चुकशील कशी?"

मी म्हटलं, "त्याचीच भीती वाटते."

"मग तो नव्हताच, अशी शपथ घेशील?"

तीही घेता येत नाही, मामा. तो असूही शकतो. माझ्याजवळ दोघांत मिळून एकच चेहरा आहे, आणि तो ईरप्पाच्या लग्नातला आहे. एवढंच सांगायचं ठरवलं आहे.

तुमची,
महादेवी

ता. क. अप्पांना यातलं काही ठाऊक नाही. निगेटिव्ह कोर्टात दाखवली, की आपण चेहरे बदलतो हे गावाला कळेल. (दुकानावर तीस वर्षं पाटी आहे, "जसे आहात तसे".) तुम्ही येऊन त्यांच्याजवळ बसा, म्हणजे मला उठून बोलता येईल. पत्र खरं यासाठीच लिहिलं.

आणखी: ज्या फोटोवरून आपल्या शैलजाचं लग्न ठरलं, त्याबद्दल कोर्टात कुणी विचारणार नाही. विचारलं, तर मात्र मी खरं सांगीन.

शेवटचं: स्टँडवर घ्यायला येईन, पण हाक तुम्हीच मारा, ओळखण्याचं काम मी सध्या सोडलं आहे. आणि तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी, निगेटिव्ह घेऊन मी साक्षीला उभी राहणार, मंगळवारी, १७ जुलैला.